आमची वाटचाल: ‘सी’ म्हणजे सेंटर

आमच्या ऑफिसात नवीन माणूस आला की आधी काचेच्या पेटीतल्या जुन्या रिसिव्हरकडे बघतो. रंग उडालेला, हँडलला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, ३३ किलोहर्ट्झच्या बटणावरचा आकडा अंगठ्याने पुसला गेलेला. माझ्या भागीदाराचा अंगठा. जमिनीखालच्या पाइपलाइनी आणि केबली शोधणारा हा लोकेटर आम्ही दोघांनी मिळून सेकंडहँड घेतला तेव्हा कंपनीला नावसुद्धा नव्हतं.

जीपीआर, म्हणजे जमिनीत लहरी सोडून आतलं दाखवणारं रडार, पुष्कळ उशिरा आलं. लोकांना त्याचंच कौतुक, कारण गाडी ढकलली की पडद्यावर कमानी उमटतात. कोरड्या वाळूत ते झकास चालतं. ओल्या चिकण मातीत मात्र सिग्नल मातीच पिऊन टाकते, मग कितीही ढकला. स्टीलची लाइन असेल तर आजही आम्ही आधी टेस्ट पोस्टला (लाइनीशी वायरने जोडलेल्या खांबाला) सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर जोडतो. पॉलिथिलीनची, म्हणजे प्लास्टिकची असेल तर सोबत पुरलेल्या ट्रेसर वायरवर भरवसा, आणि ती मध्येच तुटलेली असली की देवावर.

आमचे पहिले ग्राहक म्हणजे गॅस वितरण कंपनीच्या देखभाल विभागातले एक साहेब. त्यांच्याकडे नकाशे होते, नाही असं नाही. गुंडाळ्यांची दोन कपाटं भरली होती. पण त्यावर ‘कुंपणभिंतीपासून २.४ मीटर’ असं लिहिलेलं, आणि ती भिंत रस्तारुंदीत कधीच गेलेली. साहेब म्हणाले, ‘‘मला रंगीत चित्र नको. रात्री दोनला गळती कळली तर कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्याने कोणाकोणाचा गॅस जाईल, एवढं सांगणारा नकाशा द्या.’’ हे काम चित्रातल्या रेघांनी होत नाही. प्रत्येक तुकडा पुढच्या तुकड्याला आणि व्हॉल्व्हला जोडलेला हवा. दोन रेघांची टोकं पडद्यावर चिकटलेली दिसतात, झूम केलं की मध्ये चार सेंटिमीटरची फट, आणि संगणकाच्या लेखी तिथे गॅस थांबला. अशा फटी मिटवण्यात आमचं पहिलं वर्ष गेलं.

त्यानंतर काही वर्षं काम बरं चाललं. माणसं वाढली, सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारं आरटीके जीपीएस आलं, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर सगळ्यांना येऊ लागलं. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगायचं आहे ते त्या एका खोदकामाबद्दल. ६१० मिलिमीटर बाह्यव्यासाची स्टीलची लाइन. आम्ही शोधली, आमच्या वरच्या मुख्य ठेकेदाराला डेटा दिला. हा ठेकेदार एरवी आमचाच स्पर्धक. मोठी कामं तो घेई आणि शोधायचं आम्हाला देई. धंद्यातल्यांना माहीत आहे, लोकेटर खोली दाखवतो ती वाहकाच्या, म्हणजे इथे पाइपच्याच, मध्यापर्यंतची, पाइपच्या माथ्यापर्यंतची नाही. म्हणून आम्ही दोन रकाने ठेवले होते. आधी यंत्राने दिलेला ‘डेप्थ टू सेंटर’, त्यानंतर निम्मा व्यास वजा करून काढलेला ‘डेप्थ टू क्राउन’, म्हणजे माथ्यापर्यंतची खोली. त्या ठिकाणी सेंटर १.६२ मीटर, क्राउन साधारण १.३१.

फाइल दिली जिओपॅकेज या नकाशा-डेटाच्या प्रकारात. त्यांच्या ड्राफ्ट्समनने ती शेपफाइल या जुन्या प्रकारात करून घेतली, कारण त्यांच्याकडे सगळं तसंच चालायचं. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही. जुन्या डीबेस फाइलीचा तो वारसा. आमच्या दोन्ही नावांची पहिली दहा इंग्रजी अक्षरं, मधल्या रेघांसकट, हुबेहूब एक. पहिल्या रकान्याचं झालं ‘डेप्थ_टू_सी’. दुसऱ्याला तेच नाव देता येईना म्हणून सॉफ्टवेअरने केलं ‘डेप्थ_टू_१’. ड्राफ्ट्समनला हा आकडेवाला रकाना आगंतुक वाटला आणि त्याने तो उडवला. उरलेल्या ‘सी’चा अर्थ त्याने लावला कव्हर, म्हणजे पाइपवरची माती.

केबल लाइनीखालून न्यायची होती. ड्रॉइंगवर कव्हर १.६२, म्हणून १.३० पर्यंत यंत्राने आणि उरलेलं हाताने, असं ठरलं. बकेटचे दात पाइपवरून घासत गेले. गळती झाली नाही. पण आवरण सोलवटलं, दाब उतरवावा लागला, आवरणातली भोकं शोधणारा हॉलिडे डिटेक्टर फिरवून दुरुस्ती करावी लागली. आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे एकच बातमी: सर्व्हे चुकला.

आमची बिलं अडकली, फक्त त्या कामाची नव्हे, सगळ्यांचीच. नव्या निविदेत आमचं पाकीट उघडलंच नाही. चार मुलं सोडून गेली आणि मी त्यांना थांबवू शकलो नाही. भागीदाराने मला न सांगता स्वतःची मोटरसायकल विकून एका महिन्याचे पगार भागवले. मला कळलं तेव्हा तो चालत साइटवर यायला लागला होता, म्हणे व्यायाम होतो.

चौकशीच्या बैठकीत ठेकेदाराच्या माणसाने आमच्या नावाची शेपफाइल पडद्यावर लावली. मी बोलू लागलो तर ‘‘आता सारवासारव नको’’ असं ऐकवलं. तेवढ्यात साहेबांनी आपला लॅपटॉप उघडला. मूळ फाइलची प्रत आम्ही सवयीने त्यांनाही पाठवली होती, आणि त्यांनी ती जशीच्या तशी ठेवली होती. दोन्ही रकाने, पूर्ण नावांनिशी. ते एवढंच म्हणाले, ‘‘यात तर क्राउन १.३१ आहे.’’ खोलीत थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

आमची काहीच चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. सोबतच्या पत्रात ‘खोली कुठपर्यंतची’ हे एक वाक्य लिहायला हवं होतं. पण ठेकेदाराकडून आजतागायत दिलगिरीचा शब्द नाही, आणि त्यांच्या माहितीपत्रकात आमच्याच सर्व्हेचा नकाशा झळकतो आहे.

आता विषय निघालाच आहे तर नव्या मुलांसाठी सांगतो. रिसिव्हर जमिनीपासून बरोबर अर्धा मीटर उचलून बघा. खोलीसुद्धा अर्ध्या मीटरनेच वाढली पाहिजे. नाही वाढली तर शेजारची केबल खोटं बोलते आहे. पीक (सिग्नल सर्वांत जोराचा) आणि नल (सर्वांत कमी) वेगवेगळ्या जागी येत असतील तरी तेच. आरटीके ‘फ्लोट’वर, म्हणजे जागा अजून पक्की झालेली नसताना बिंदू घेऊ नका, घाई कितीही असो. नुसती खोली लिहू नका, पातळीही (ठरलेल्या संदर्भापासूनची उंची) लिहा, कारण रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की खोली खोटी ठरते, पाइप मात्र जागचा हललेला नसतो. अमेरिकेतल्या २००२ च्या मानकाने लाइनीच्या माहितीला भरवशाप्रमाणे ए ते डी अशी प्रत लावायला शिकवलं: डी म्हणजे नुसत्या कागदावरून, सी म्हणजे वरची झाकणं बघून, बी म्हणजे यंत्राने शोधलेली, ए म्हणजे खड्डा घेऊन डोळ्यांनी पाहिलेली. ही प्रत रेघेच्या पोटात, म्हणजे तिच्या रकान्यात, भरा आणि छापील नकाशात डी-ची रेघ तुटक काढा. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, ठसठशीत काढणाऱ्याचा नकाशा सुंदर दिसतो, खरा असेलच असं नाही.

त्या प्रकरणानंतर आमच्या रकान्यांची नावं आठ अक्षरांच्या वर जात नाहीत. साहेब निवृत्त झाले, तरी नवी जागा खणायच्या आधी त्यांच्या जागी आलेल्या बाई अजून आम्हाला फोन करतात.

मागच्या महिन्यात त्या ठेकेदाराच्या ऑफिसातूनही फोन आला होता. नवा मुलगा होता, आवाज अदबीचा. म्हणाला, ‘‘सर, तुमची एक जुनी फाइल सापडली आहे, त्यात डेप्थ टू सी म्हणजे नक्की काय?’’ फोनवर मी काही बोललो नाही. ईमेलवर उत्तर पाठवलं, आणि साहेबांना सीसी केलं.