हिरवा पट्टा पडलेलं बासवुड

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉलजवळच्या एका उपनगरात मी रस्त्याकडेच्या झाडांची पाहणी करते. एमरल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला भुंगेरा मिनेसोटात २००९ मध्ये सापडला. त्याच्या अळ्या सालीखालचा थर पोखरतात आणि ॲशचं झाड उभ्या उभ्या वाळतं. म्हणून हिवाळ्यात रांगाच्या रांगा तोडाव्या लागतात.

त्या फेब्रुवारीत तोडायच्या यादीतल्या एका झाडापाशी करवत निघाली होती. खोडावर तोडण्याच्या खुणेचा हिरवा पट्टा, सालीला ॲशसारख्याच उभ्या चिरा. बुंध्याशी मात्र फुटव्यांची दाटी होती. बोरर लागलेलं ॲशही फुटवे काढतं, त्यामुळे तेवढ्यावरून ठरवता येत नाही. मी काम थांबवलं आणि खालची एक डहाळी वाकवून पाहिली.

ॲशच्या कळ्या समोरासमोर येतात, काळपट तपकिरी. इथे त्या एकाआड एक होत्या. लालसर, टपोऱ्या, एका अंगाला फुगलेल्या. वर मागच्या उन्हाळ्याची फळंही टिकून होती. वाटाण्याएवढी, आणि त्यांचा प्रत्येक झुपका एका लांबट पातळ पात्याला लोंबणारा. असं पातं बासवुड आणि त्याच्या लिंडन भावंडांनाच असतं, ॲशला कधीच नाही. अमेरिकन बासवुड! त्याला हा बोरर लागत नाही.

"पण पट्टा तर आहे," सहकारी म्हणाला. मी त्याच्या हातात डहाळी दिली. त्याने कळ्या पाहिल्या आणि करवत गाडीत ठेवली.

मला या झाडाचं फार अप्रूप आहे. तळहाताहून मोठी, तिरक्या बुडाची हृदयाकृती पानं, त्यांची गर्द सावली आणि जुलैच्या सुमारास फुलं आली की दिवसभर मधमाश्या. भेंडी, अंबाडी, जास्वंद यांच्याच कुळातलं हे झाड. अंबाडीचा वाख काढतात तशी इथले मूळ रहिवासी असलेले ओजिब्वे लोक याची आतली साल पाण्यात भिजवून तंतू सोडवत आणि त्यांचे दोर वळत. लाकूड इतकं मऊ की कोरीवकाम करणारे आवर्जून तेच मागतात.

यादी दुरुस्त झाली. ॲश गेल्यावर मोकळ्या पडणाऱ्या जागांसाठी मी बासवुडच सुचवलं, पण सगळीकडे नाही. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ त्याला सोसत नाही आणि दबलेल्या मातीत ते रखडतं. मोठ्या रस्त्यापासून दूर, मुळांना ऐसपैस जागा असलेल्या गल्ल्याच त्यासाठी निवडल्या.