सेलरचा पाव

आज दिवसभर एक फोटो डोळ्यांसमोरून हलत नाहीये. इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहरात सापडलेला पाव. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्या उष्णतेत पावाचा कोळसा झाला आणि म्हणूनच तो टिकला. गोल, आठ भाग पाडलेला, आणि वर शिक्का: क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम सेलर. राजांची नावं दगडात कोरलेली असतात, इथं एका गुलामाचं नाव कणकेत राहिलं! शिक्का दाबणारा तो हात सारखा आठवतोय.

मग वाचतच सुटले. आयर्लंडच्या दलदलीत शेकडो, हजारो वर्षांचं लोणी मिळतं. तिथं गारवा आणि आम्लता असते, प्राणवायू तर जवळजवळ नसतोच, मग कुजणार कसं?

पण जीव अडकला तो चीनमधल्या लाजियाच्या वाडग्यात. सुमारे ४००० वर्षांपूर्वी तो पालथा पडला, वर गाळ साचला आणि आतल्या नूडल्स तशाच राहिल्या. बारीक, पिवळसर, जवळपास ५० सेंटिमीटर लांब. कुणीतरी त्या खाण्यासाठीच वाढल्या असतील ना? खायच्या राहूनच गेल्या.

रात्री जेवायला बसले, तर पहिला घास बराच वेळ हातातच राहिला.