कर्लीच्या खाडीतला कयाक वर्ग : यंदाच्या हंगामात पोरं कुठवर आली

मंडळी, मे संपत आलाय, वारा आता सकाळपासूनच लागतोय आणि किनाऱ्यावर लाट मोठी झालीय, म्हणजे यंदाचं पाण्यावरचं काम बंद. कयाक धुवून, सावलीत उलट्या टांगून ठेवल्यात. आता निवांत आहे तर ऑक्टोबरपासून काय काय झालं ते लिहून काढतो, तुमच्यापैकी कुणी आपापल्या गावात पोरांना शिकवत असाल तर उपयोगी पडेल.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्ली नदी मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागच्या मागून समुद्राला जवळजवळ समांतर वाहत येते आणि देवबागच्या टोकाला संगमावर समुद्राला मिळते. मधे फक्त माडांची आणि घरांची चिंचोळी पट्टी, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. शिकवायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे सुकती (ओहोटीचं उतरतं पाणी) लागली की पाणी संगमाकडे ओढतं आणि हिवाळ्यात दुपारी वायव्येचा वारा सुटला की तोही तिकडेच ढकलतो. आणि संगमावर बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडलं की लाट उभी राहते, तिथे नवख्या पोराचं काम नाही. म्हणून आमचा वर्ग संगमापासून बराच आत, वरच्या बाजूला असतो आणि संगमाकडे कुणी एकट्याने वळायचं नाही.

पोरं बहुतेक गावातलीच, सहावी ते दहावी. अर्धी मच्छीमारांच्या घरातली. ती पोहण्यात पक्की, पण लाईफ जॅकेट म्हटलं की नाक मुरडणार, "काकानू, आमका पोहूक येता." यावर मी भाषण देत बसत नाही. शर्ट-पँट घालून सगळ्यांना पाण्यात उतरवतो, आधी बिनाजॅकेट तरंगायचं आणि तरंगता तरंगता उलटलेली कयाक एका हाताने धरून ठेवायची, मग तेच जॅकेट घालून. दोन्हीतला फरक दंडांना कळतो आणि वाद तिथेच संपतो. आता नियम असा की जॅकेट अंगावर नाही तर पॅडलला हात नाही, आणि तो मलाही लागू आहे.

जॅकेटबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो. पॅडलिंगसाठी आपण जे घालतो ते 50 न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवून धरण्याचा जोर), हात मोकळे राहतात, पण ते शुद्धीवर असलेल्या आणि पोहता येणाऱ्या माणसासाठी आहे, बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर फिरवेलच असं नाही. त्यासाठी 100 किंवा 150 न्यूटनचं लागतं, पण ते घालून नीट वल्हवता येत नाही. म्हणून लहान गट, माणसं जवळ जवळ आणि कुणीच नजरेआड नाही. दुसरं म्हणजे माप. सगळे पट्टे आवळून झाले की जोडीदाराने दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायचं, ते हनुवटीच्या वर गेलं तर सैल आहे, परत आवळा. बारक्या पोरांना पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि किनाऱ्यावर वर्षानुवर्षं उन्हात पडलेली, फोम दबलेली, बक्कल तुटलेली नारिंगी जॅकेटं पोरांना घालू नका, फुकट मिळाली तरी.

आता खरा प्रोग्रेस. पहिले काही आठवडे पुढे जाणं जवळजवळ नव्हतंच, फक्त उलटणं. कंबरभर पाण्यात सिट-ऑन-टॉपवरून, म्हणजे वर बसायच्या उघड्या कयाकवरून पडायचं आणि परत चढायचं, मग बंद कॉकपिटची, म्हणजे आत पाय घालून बसायच्या खाचेची सी-कयाक. उलटल्यावर बुडाच्या बाहेरच्या अंगाला तीनदा थापटायचं, मग पुढे वाकून स्प्रेडेकचा (कंबरेभोवती बसून कॉकपिट झाकणाऱ्या पडद्याचा) पट्टा शोधायचा, पुढे ओढायचा, मांड्या सोडवायच्या आणि बाहेर. थापटणं कशासाठी, तर घाई जावी म्हणून. जो पोरगा पाण्याखाली उलटा असताना शांतपणे तीन थापा मारू शकतो त्याला पट्टा सापडतोच. एक आठवीतली मुलगी सुरुवातीला कॉकपिटमध्ये बसायलाच तयार नव्हती, तिला महिनाभर स्प्रेडेक लावलाच नाही, नुसती उघड्या कॉकपिटमध्ये बसवून उलटवत राहिलो आणि ती स्वतःहून मागेपर्यंत विषय काढला नाही. आज गटात सगळ्यात थंड डोक्याची तीच आहे.

टी-रेस्क्यू, म्हणजे उलटलेली कयाक आपल्या कयाकवर आडवी ओढून रिकामी करायची आणि पडलेल्याला परत चढवायचं, हंगामाच्या मधोमध जमायला लागला. पाण्याने भरलेली कयाक डेकवर ओढायची म्हणजे पोरांच्या हातात तेवढी ताकद नसते, तिथे युक्ती अशी की पाण्यात असलेल्याने मागच्या टोकाला जाऊन ते खाली दाबायचं, पुढचं टोक आपोआप उचललं जातं आणि रेस्क्यू करणाऱ्याने ते फक्त आपल्या डेकवर घ्यायचं. पाणी निथळलं की सुलटी करायची, दोन्ही कयाक शेजारी शेजारी, रेस्क्यू करणारा रिकाम्या कॉकपिटवर अंग टाकून ती घट्ट धरतो आणि पडलेला एक टाच कॉकपिटमध्ये अडकवून वर येतो. पोटावर घसरत चढण्यापेक्षा मुलांना टाचेचा प्रकार खूप सोपा जातो. एक बघितलंय, 27-28 अंशांच्या पाण्यातसुद्धा तासभर उलटा-सुलटा खेळ केला आणि वर वारा लागला की बारकी पोरं कुडकुडायला लागतात, ओठ निळसर दिसले की त्या दिवशीचं बंद, कोरडा टॉवेल आणि गूळ-शेंगदाणे.

फॉरवर्ड स्ट्रोक (पुढे वल्हवणं), स्वीप (कयाक वळवणं), लो ब्रेस (पॅडल पाण्यावर दाबून तोल सावरणं) हे सगळं ठीकठाक. कमरेतून वळणं अजून निम्म्यांना नाही, हातानेच ओढतात. येईल. रोल, म्हणजे उलटल्यावर आत बसूनच सुलटं होणं, मुद्दाम शिकवलेला नाही, जोडीने एकमेकांना वाचवता येणं मला आधी हवंय.

सगळ्यात जास्त वेळ मी भरती-ओहोटीवर घालवला आणि माझ्या मते हंगामाचं खरं काम तेच झालं. तिथीची पाऊणपट हे गणित कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ, पोरांना मात्र नव्हतं. पंचमी म्हणजे पाच पाऊणे पावणेचार, साधारण पावणेचारला भरती पूर्ण, त्याच्या सव्वासहा तास आधी-नंतर ओहोटी. ढोबळ आहे, छापील टेबलाशी ताडून बघायचंच, पण पोरगं कॅलेंडर बघून पाण्याचा अंदाज सांगायला लागतं. वर जायचं तर आम्ही द्वादशी-त्रयोदशीची सकाळ धरतो, भरती नऊ ते पावणेदहाच्या दरम्यान, म्हणजे चढत्या पाण्याबरोबर वर जायचं आणि सुकतीच्या सुरुवातीच्या सौम्य ओढीवर खाली यायचं, दुपारचा खारा वारा सुटायच्या आत कयाक वाळूवर. सहावी-सातवीच्या भूगोलात खारे वारे-मतलई वारे परीक्षेपुरते वाचलेले असतात, इथे ते गालावर लागतात.

पाण्यात उतरायच्या आधी पोरं आता नांगरलेल्या होड्या बघतात. होडीचं नाक वरच्या अंगाला आणि दोर ताठ, म्हणजे सुकती जोरात. होडी आडवी-तिडवी, दोर सैल, म्हणजे पाणी थांबलंय किंवा वारा आणि पाणी भांडतायत. मग जायचं की नाही हे मी सांगत नाही, रोज एका पोराची पाळी. मार्चमध्ये एकदा सातवीतला एक जण होड्यांकडे बघून म्हणाला, "काकानू, वारो फिरलो हा, आज वर नको जावया." बाकीचे चिडले, सुट्टीचा दिवस होता. पण नियमाप्रमाणे त्याचा शब्द शेवटचा, आम्ही जवळच्या जवळ टोइंगचा (दोराने दुसरी कयाक ओढण्याचा) सराव केला, तासाभरात खाडीवर पांढरे फेस दिसायला लागले. मला त्या पोराचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन त्याच्या आई-बाबांना सांगून आलो.

बचावाचा भागही रेटून केला. 2017 च्या एप्रिलमध्ये इथून जवळच वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले, गावातल्या मोठ्यांना तो दिवस आठवतो. म्हणून पोरांना दोन गोष्टी पक्क्या शिकवल्यात. बुडणारा बहुतेक वेळा ओरडत नाही, मान मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला पाणी दाबतायत, आवाज नाही. आणि आपण उडी मारायची नाही, आधी काठी, मग दोर, मग होडी. थ्रो-बॅग (दोर भरलेली फेकायची पिशवी) टाकण्यात पागवाल्यांच्या, म्हणजे फेकजाळं टाकणाऱ्यांच्या घरची पोरं एक नंबर, माणसाच्या पलीकडे नेमका दोर टाकतात. 1554 कोस्ट गार्ड, 1093 सागरी पोलीस, 112 हे नंबर प्रत्येकाच्या कयाकवर मार्करने लिहिलेत. पावसात सीपीआर घेणार, बुडालेल्यासाठी आधी श्वास द्यायचे हे खास करून.

पोरांच्या डोक्यात आता एकच, सिंधुदुर्ग किल्ल्याला वळसा. मालवण जेटीवरून जवळ दिसतो, पण किल्ला ज्यावर आहे त्या कुरटे बेटाच्या समुद्राकडच्या बाजूला खडक आहेत आणि लाट त्यांच्यावर आपटून परत येते, शिवाय प्रवासी होड्यांची वर्दळ. जानेवारीतल्या अष्टमीच्या आसपास, भांगाचं पाणी (भरती-ओहोटीतला फरक कमी), पहाटे मतलई वारा असताना आणि प्रवासी होड्या सुरू व्हायच्या आत, सोबत गावातल्या कुणाची तरी इंजिनवाली होडी, असा माझा विचार आहे. त्याआधी उघड्या समुद्रात, हलत्या पाण्यावर प्रत्येक जोडीचा टी-रेस्क्यू आणि टोइंग बघणार, ज्या जोडीचं झालं नाही ती जोडी होडीत बसून येईल. बारक्या कमरेचे स्प्रेडेक आणि 210 सेंटीमीटरच्या आसपासचे, बारीक दांड्याचे पॅडल कुणाकडे पडून असतील तर कळवा, दसऱ्याच्या आत हवेत.