दाबलं ना वं, तीनदा दाबलं

माझ्या साइटवर आता एकही जाहिरात दिसत नाही, हे काही जणींच्या लक्षात आलंय. एकीनं तर 'बरं झालं, वाचायला मोकळं वाटतं' असं कळवलं. बाई, मी काढल्या नाहीत. माझ्याकडून काढून घेतल्या.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या चांदूरबाजार तालुक्यात. सासूबाईंच्या हाताखाली जे जे शिकले ते २०२१ पासून इथे लिहिते. मुंगवड्या, पातोडीचा रस्सा, रोडगे, अंबाडीची भाजी आणि सरगुंडे. सरगुंड्यांच्या पानावर काडीवर गुंडाळलेली कणकेची तार आणि पिठानं पांढरा झालेला माझा अंगठा, असा एक फोटो आहे. साइटची निम्मी वर्दळ त्या एका पानावर. अखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की नागपूर-पुण्याला दिलेल्या लेकी ते पान उघडतात.

जाहिराती एका मोठ्या कंपनीकडून यायच्या. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. रीत अशी की तिनं दिलेला कोड आपण पानात टाकायचा. कोणाला कोणती जाहिरात दाखवायची ते तिचं यंत्र ठरवणार. तेव्हा, म्हणजे २०२४ च्या आधी, कोणी दाबली की जाहिरातदाराच्या पैशातला वाटा आपल्याला मिळायचा. हिंदी पानांना ही सोय २०१४ मध्ये मिळाली, मराठीला त्यानंतर काही वर्षं थांबावं लागलं, आणि भाव अजूनही पडेलच. मला एका क्लिकचे कधी दीड रुपया, कधी साठ पैसे मिळायचे. १० डॉलर झाले की पत्त्याच्या खात्रीसाठी घरी टपालानं सहा आकडी पिन येतो. १०० डॉलर होईपर्यंत बँकेत छदामही येत नाही.

तो पिन आला तेव्हा 'परदेशातून आलं' म्हणून सासऱ्यांनी पाकीट न फोडता देवापुढे ठेवलं, वर हळदकुंकू वाहिलं. मी संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत थांबले. फाडताना कुंकू आत सांडलं, आणि शेवटचा आकडा ३ की ८ हे समईजवळ धरून पाहावं लागलं. ८ होता.

डिसेंबर २०२३ मध्ये ९१ डॉलर झाले. म्हणजे साडेसात हजार रुपये. अडीच वर्षांचे.

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या ५ तारखेला मारुतीच्या सभामंडपात असते. तेरा जणी, प्रत्येकीचे १०० रुपये, वही माझ्याकडे. त्या दिवशी पैसे मांडून झाले आणि मी हौसेनं बोलून गेले की अजून नऊ डॉलर, मग पहिली कमाई.

"म्हंजे कसं वं?" अध्यक्ष काकूंनी विचारलं.

मी मोबाइल पुढे धरला. ही बघा ट्रॅक्टरच्या कर्जाची जाहिरात, ही कोणी दाबली की मला पैसे.

"मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

इथेच मी नियम सांगायला हवा होता. नाही सांगितला. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि प्रसादाचे फुटाणे वाटले.

एरवी दिवसाला चार-पाच क्लिक. ६ तारखेला ५८ झाले, ७ ला ७४. मी आकडे पाहिले ते ७ च्या रात्री, कारण दोन दिवस लाइन येऊन-जाऊन होती. विचारलं तर एक जण म्हणाली, "दाबलं ना वं, तीनदा दाबलं. पोट्ट्याच्या फोनवरूनही दाबलं." बऱ्याच जणी ग्रामपंचायतीच्या वायफायपाशी उभ्या राहून दाबत होत्या, म्हणजे यंत्राला सगळं एकाच ठिकाणाहून आलेलं दिसलं असणार. (गटातली कोणी ही पोस्ट वाचेल अशी भीती नाही. त्या माझं लिहिलेलं कधीच वाचत नव्हत्या, फक्त दाबत होत्या.)

१० तारखेला मेल. खोटे क्लिक आढळले, खातं बंद, शिल्लक मिळणार नाही. कोणते क्लिक, कुठले, काही लिहिलेलं नाही. सांगितलं तर लबाड माणसं शहाणी होतील, असं त्यामागचं कारण. ते मला पटतं. पण सावकारसुद्धा वही उघडून दाखवतो, हेही मला पटतं.

नियम मी वाचलेला होता. आपल्या जाहिराती आपण दाबू नयेत, दुसऱ्याला दाबा म्हणू नये. मी 'दाबा' म्हटलं नव्हतं, एवढीच माझी बाजू, आणि ती लंगडी आहे. त्या कर्जवाल्यानं आमच्या तेरा जणींचे पैसे का भरावे? आमच्यात ट्रॅक्टर कोणाला घ्यायचा होता?

तरी अपील केलं. वाचक कुठून येतात, संशय यावा असं काय घडलं, पुढे काय काळजी घेणार, असे प्रश्न होते. सगळं खरं लिहिलं. बचत गटाला इंग्रजीत 'सेल्फ हेल्प ग्रुप' म्हणतात. स्वतःची मदत स्वतः करणारा गट! वाचणाऱ्याला तो कबुलीजबाबच वाटला असेल. आठवड्यानं नकार आला. तिथे दुसरं खातं काढायलाही मनाई. भाचा म्हणाला, आजोबांच्या नावानं काढू. नको म्हटलं. देवापुढे एक पाकीट ठेवून झालंय.

कोणी मराठीत साइट चालवत असेल तर एक सांगते, आकडा असा अचानक उडाला की त्याच दिवशी पानातला कोड काढून टाका आणि कंपनीला आपणहून कळवा. मला हे ८ तारखेला सुचलं, तोवर उशीर झाला होता. आता चांदूरबाजारच्या एका मसाला कांडपवाल्या ताईंची पाटी लावणार आहे, महिन्याला ३०० रुपये रोख. ती दाबावी लागत नाही.

गटात मी कोणालाच सांगितलेलं नाही. परवाच्या ५ तारखेला काकूंनी चष्मा वर करून विचारलं, "तुह्या पानावर ते ट्रॅक्टर दिसत नाही वं आताशा. मी रोज पायते."

"विकलं गेलं, काकू," म्हटलं, आणि त्यांच्या नावापुढे शंभर रुपये मांडले.