बर्निंग स्पिअर, म्हणजे मार्लीच्या गावाकडचा दुसरा माणूस

रेगे म्हटलं की आपल्याकडे बॉब मार्लीचा टीशर्ट आणि विषय संपला. पण जमैकातल्या, मार्लीच्याच सेंट अ‍ॅन भागातला अजून एक जण आहे, विन्स्टन रॉडनी उर्फ बर्निंग स्पिअर, जन्म १९४५ चा, आणि मला विचाराल तर रूट्स रेगेत (म्हणजे आफ्रिकेच्या मुळांबद्दल, देवाबद्दल, गुलामगिरीबद्दल गाणाऱ्या रेगेत) त्याच्याइतकं खोल कुणी गेलंच नाही. (मार्लीवाल्यांनो, चिडा खुशाल.)

१९६९ ची गोष्ट, तो स्वतःच सांगतो, डोंगरात मार्ली भेटला, गाढव आणि रोपं घेऊन शेताकडे निघालेला, ह्याने विचारलं गायचंय, काय करू, तर मार्ली म्हणाला स्टुडिओ वनला जा, म्हणजे कॉक्सन डॉडच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत. हा गेला, आणि डॉडने रेकॉर्ड पण केलं. स्टेजचं नाव केनियाचे नेते जोमो केन्याटा यांच्या ‘बर्निंग स्पिअर’ (जळता भाला) या टोपणनावावरून.

खरा धमाका १९७५ चा. ओचो रियोस गावचा, मोठे स्पीकर लावून रेकॉर्ड वाजवणारा (साऊंड सिस्टिमवाला) जॅक रूबी प्रोड्युसर, बेसवर रॉबी शेक्सपिअर आणि फॅमिली मॅन बॅरेट, सोबत ब्रासवाले, आणि अल्बमचं नावच ‘मार्कस गार्वी’. गार्वी पण सेंट अ‍ॅन्स बेचाच, म्हणजे स्पिअरच्याच गावचा, काळ्या लोकांना आफ्रिकेकडे बघा म्हणणारा नेता, १९४० मध्ये लंडनमध्ये वारला. जमैकाने त्याला राष्ट्रीय वीर वगैरे केलं पण स्पिअरचं म्हणणं एकच, त्याची आठवण ठेवतंय कोण? आणि मग ‘स्लेव्हरी डेज’ गाण्यात गुलामगिरीचे दिवस आठवतात का, हा एकच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो, आवाज चढवत नाही, भाषण देत नाही, गावातला म्हातारा ओट्यावर बसून विचारेल तसं. अंगावर काटा येतो राव.

आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने मात्र बाहेरच्या गोऱ्या पब्लिकसाठी या अल्बमचा मिक्स बदलला. स्पिअरला ते अजिबात पटलं नाही आणि त्याने स्वतःचं लेबल काढलं. पुढे सोबतचे दोघे गायक रूपर्ट विलिंग्टन आणि डेलरॉय हाइंड्स पण सुटले, हा एकटाच पुढे निघाला. नंतर न्यूयॉर्कला गेला, बायको सोनियासोबत बर्निंग म्युझिक हे लेबल चालवलं, दोन ग्रॅमी आले, २००० आणि २००९ ला. मार्लीएवढा पैसा आणि प्रसिद्धी नाही मिळाली, पण आपली गाणी आपल्याच हातात ठेवायची हा हट्ट काही सोडला नाही.

‘रॉकर्स’ सिनेमात तो रात्री एकही वाद्य नसताना ‘जाह नो डेड’ (जाह म्हणजे देव) गातो, तेवढं तरी बघाच. १९७७ चा लंडनचा लाइव्ह अल्बम पण भारी आहे, मागे तिकडचाच अस्वाद बँड आहे आणि गाणी मूळ रेकॉर्डपेक्षा लांबलेली. आणि २०२३ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, बाबाने ‘नो डिस्ट्रॉयर’ काढला, गार्वी अजून डोक्यातून गेलेला नाही.