आमची वाटचाल : लातुरातली बिनपाण्याची हिरवळ

आमचं मूळ काम पीओपी आन फॉल्स सीलिंगचं. मॉसमधी, म्हणजे टिकवलेल्या शेवाळाच्या शोभेच्या भिंती करण्यात, पडलो ते लातूरच्या एका दातांच्या डॉक्टरांमुळं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं लातूरला, ते वर्ष कोण विसरणार, आन डॉक्टर म्हणले वेटिंग रूममधी कायतरी हिरवं पाहिजे पण पाण्याचा थेंब लागला नाही पाहिजे. प्लास्टिकचं गवत त्यांना चालेना. मग प्रिझर्व्ह्ड मॉस मागवला. आईनं खोका उघडून बघितला आन म्हणली, मोरीतलं शेवाळ आपण घासून काढतो, तू पैसे देऊन आणायलास?

लाईनमधल्या लोकांना माहितीच आहे, रेनडिअर मॉस खरं तर मॉस नाहीच, लायकेन आहे, आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचा भाऊबंद. नॉर्वे-फिनलंडकडून येतो. ग्लिसरीनमधी मुरवून रंग दिलेला, जिवंत नसतो, त्यामुळं पाणी नको, खत नको, ऊन तर अजिबातच नको, रंग उडतो. हवेतला ओलावा तेवढा ओढून घेतो. आपल्याकडं मे महिन्यात तो पापडासारखा कडक होतो, हात लावला की तुकडा पडतो, मृग बरसला की परत मऊ.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. प्लायची फ्रेम टेबलावर आडवी ठेवून भरायची, आधी कुशन मॉसचे (गोल, गादीसारखा) उंचवटे, मग शीट मॉस (चपटा), फटीत शेवटी रेनडिअर, आन मग भिंतीला स्क्रू. नवीन पोरं 20 वॅटची ग्लू गन घेऊन येतात, गोंद मधीच थंड. 100 वॅटची घ्या राव, 11 एमएमची कांडी बसणारी. माझा लांब चिमटा डॉक्टरांनीच दिलेला, दवाखान्यातला जुना, अजून तोच वापरतो.

आता आमच्या ज्या भिंतीचे फोटो व्हॉट्सअपवर फिरले ते प्रकरण. संभाजीनगरला जालना रोडवर एका हॉटेलची रिसेप्शनची भिंत केली, आमचं तोवरचं सगळ्यात मोठं काम. नाव घेत नाही. आमच्याकडंच चिमटा धरायला शिकलेला एक जण तोवर वेगळा झाला होता, आमच्याच गिऱ्हाईकांचे नंबर घेऊन. घाटातल्या दगडावरचा ओला मॉस पावसाळ्यात खरवडून आणायचा, तागाच्या कापडावर पिना मारून द्यायचा, निम्म्या रेटमधी. गणपतीत हिरवागार, दिवाळीला तपकिरी. त्यानं ऐन मेमधी हॉटेलात जाऊन सांगितलं, ह्यांचा मॉस मेला, पाणी मारा. मारलं की हो पाईपनं! सगळा रंग खाली संगमरवरावर उतरला, ग्लिसरीनचा चिकटा, वर रस्त्याची धूळ. मी जाऊन बघितलं तर वॉचमन अजून पाणी मारायलाय. लेखी दिलं होतं पाणी लावू नका, मॅनेजरची सही होती, तरी पेमेंट अडवलं. त्या भिंतीचे फोटो व्हॉट्सअपवर असे फिरले की हातातल्या ऑर्डरी गेल्या, छोटा हत्ती विकून मालवाल्याचे पैसे फेडले. त्याच्या तपकिरी भिंतीचे फोटो मात्र कुणी फिरवले नाहीत.

त्या टायमाला डॉक्टर स्वतः दुकानात आले, दुसऱ्या दवाखान्याचा पूर्ण ॲडव्हान्स टेबलावर ठेवला आन म्हणले, तुमचा मॉस माझ्या पेशंटपेक्षा कमी कटकट करतो. त्यांची पहिली भिंत अजून उभी आहे, सिंकच्या बाजूचा एक कोपरा तेवढा बदलला.

पुढं काम बरं चालत आलंय, कोचिंग क्लासवाले, सराफ, बँकेच्या केबिनी.

कुणी करून घेणार असाल तर ऐका. एसीचा झोत थेट भिंतीवर नको. धूळ मऊ ब्रशनं नाहीतर ड्रायरच्या थंड हवेनं, आन तीबी पावसाळ्यात, उन्हाळ्यात हात लावायचा नाही. चारपाचशे रुपयांचा हायग्रोमीटर, हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, बाजूला टांगा, निदान मॉस कडक झाला की मेला म्हणून बोंब नाही मारणार. आन कोटेशन निम्मं आलं तर माल कुठला ते विचारा.

परवा त्या हॉटेलचा फोन आला, लॉबी नवीन करायचीय, मॉसच पाहिजे. म्हणलं मागचं बिल व्हॉट्सअप करतो, आधी ते क्लिअर करा, मग माप घ्यायला येतो.