तुम्ही विचारलंत म्हणून : ६५०२ की झेड-८०?

जुन्या मायक्रोप्रोसेसरांवरचं माझं प्रेम ज्यांना ठाऊक आहे, ते हमखास विचारतात : बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहायला ६५०२ बरा की झेड-८०? कागदावर झेड-८० सरस. रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागा, भरपूर, त्यांचा आणखी एक राखीव संच, १६ बिटांची बेरीज. ६५०२ कडे ए, एक्स आणि वाय ही ८ बिटांची तीनच. तरी माझं उत्तर ६५०२.

कारण पटावरचं घर एका बाइटात, म्हणजे ८ बिटांत, मावतं. पट १६ घरांच्या ८ ओळींचा मांडायचा, उजवी अर्धी बाजू रिकामी सोडायची. घराच्या क्रमांकातले वरचे चार बिट म्हणजे ओळ, खालचे चार म्हणजे स्तंभ. हत्ती उजवीकडे सरकला की १ मिळवायचा, पुढे गेला की १६. घोड्याला अधिक-उणे १४, १८, ३१, ३३. मोहरा पटाबाहेर गेला की दोनपैकी एका चौकडीचा सर्वांत वरचा बिट हटकून १ होतो. १०००१००० शी एकदा अँड केलं (दोन्हीकडे १ असेल तिथेच १ उरतो) की चारही कडा तपासून झाल्या!

पीटर जेनिंग्जनं १९७६ मध्ये ६५०२ वर चालणाऱ्या किम-१ या छोट्या संगणकासाठी लिहिलेल्या मायक्रोचेस या बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्ये नेमकं हेच आहे, आणि तेही ११५२ बाइट रॅममध्ये. त्याहून मला आवडते ती स्टॅकची युक्ती. स्टॅक म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी बाहेर काढायची चळत; ६५०२ ला ती एकच, २५६ बाइटांची. जेनिंग्जनं स्टॅकचे दोन केले : एकावर सबरुटीनचे (प्रोग्रामच्या उपभागांचे) परतीचे पत्ते, दुसऱ्यावर खेळलेल्या चाली. स्टॅकचं टोक दाखवणारा स्टॅक पॉइंटर एक्समधून बदलायचा, मारलेला मोहरा आणि चालीची दोन्ही घरं ढकलायची. चाल मागे घेताना उलट क्रमानं काढायची. पटाची प्रत करण्याची गरजच नाही.

झेड-८० वर आयएक्स हे रजिस्टर वापरून कोष्टकातला एक बाइट आणायला क्लॉकचे १९ ठोके लागतात, ६५०२ वर एक्स वापरून बहुधा ४. झेड-८० चा क्लॉक ४ मेगाहर्ट्झ आणि ६५०२ चा १ धरला, तरी ६५०२ किंचित पुढेच. अर्थात डॅन आणि कॅथी स्प्रॅकलन यांचा १९७८ चा सार्गन हा बुद्धिबळाचा प्रोग्राम झेड-८० वरच संगणकांची स्पर्धा जिंकला; तो आजही वाचावा असा प्रोग्राम आहे. पण पुढे फिडेलिटी या कंपनीच्या बुद्धिबळ यंत्रांसाठी याच दांपत्यानं ६५०२ वर लिहिलं.